ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव : चरित्र आणि बोध

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा परिपाठ आहे. बहुधा ते चरित्र आपल्या ज्ञातीतीलच एखाद्या कर्त्या पुरुषाचे असते, व तसे असणे स्वाभाविकच होय. यंदा संपादक मंडळाने हे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही थोडे स्वातंत्र्य घेतले आहे. ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत तो आपल्या ज्ञातीचा नव्हे, मालवणचा नव्हे, कोकणातलाही नव्हे. तो सह्याद्रीच्या पलीकडचा, कृष्णा-कोयनेच्या काठचा. असे असता त्यास आपल्या पानांत स्थान का द्यावे, असा प्रश्न ज्ञातिबांधवांच्या मनात येईल. त्याचे उत्तर चरित्राच्या ओघात मिळेल, व जे उरेल ते आम्ही अखेरीस देऊ. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, जन्मभर खडू-फळ्याशी संबंध ठेवलेले एक सामान्य शिक्षक आहोत. भाषेत काही न्यून राहिल्यास वाचकांनी ते पदरात घ्यावे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले मल्ल. पाच मुलांतील खाशाबा हे धाकटे. घरी शेती, दारी तालीम, आणि अंगणातली माती तांबडी. अशा घरात मुलाला अक्षरओळख होण्याआधीच मातीची ओळख होते. पाचव्या वर्षापासूनच वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरविले. देशी कुस्तीचा पाया त्यांनी वडिलांच्या नजरेखाली घातला, आणि पुढे बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्याकडून डावपेचांचे शिक्षण घेतले.

शरीराने खाशाबा काही भीमकाय नव्हते. उंची बेताची, अंगलट आटोपशीर. परंतु चपळाई अशी की प्रतिस्पर्ध्याने हात टाकावा तो हे जागेवर नसावेत. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत पकडून त्यास कमरेवरून उचलून आपटावयाचा, असा हा डाव. ताकदीपेक्षा वेळ साधण्याला त्यात अधिक महत्त्व असते. क्षणभर आधी केला तर वाया जातो, क्षणभर उशिरा केला तर अंगलट येतो. योग्य क्षण ओळखण्याचा हा गुण त्यांच्या अंगी होता. पुढे ज्यांनी त्यांना मदत करावयास हवी होती, त्यांतील बहुतेकांच्या अंगी मात्र तो नव्हता, हे या चरित्राचे एक दुःखद सूत्र आहे.

कराडच्या टिळक हायस्कुलात १९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण झाले. तो काळ वादळाचा होता. १९४२ ची चळवळ पेटली तेव्हा खाशाबा सोळा वर्षांचे होते. सातारा जिल्ह्यात त्या वेळी भूमिगत कार्यकर्त्यांचे जाळे पसरले होते. या कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप व पत्रके इकडून तिकडे पोहोचविणे, ही कामे या शाळकरी मुलाने केली. आपल्या देहाचा उपयोग केवळ फेटा आणि नारळ जिंकण्यापुरता नाही, ही जाणीव त्यांना त्या वयातच झाली असावी.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. छत्रपती शाहू महाराजांनी मल्लविद्येस राजाश्रय दिला, खासबागेचे भव्य मैदान उभारले, आणि गल्लोगल्ली तालमी नांदत्या ठेवल्या. त्या भूमीत खाशाबांसारखे बी रुजले नसते तरच नवल.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच तेथे जाणार होता. खाशाबांची निवड झाली, आणि त्यांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या छत्रपतींनी उचलला. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑलिंपिक हे त्या काळी केवळ हौशी खेळाडूंचे सामने होते. ज्याने खेळावर पोट भरले, त्यास तेथे मज्जाव असे. बिदागी नाही, पगार नाही, पदकाखेरीज दुसरे बक्षीस नाही. श्रीमंत देशांतील तरुणांना हा हौशीपणा परवडत असे. शेतकऱ्याच्या मुलाला मात्र हौस म्हणजे पदरचा खर्च, आणि पदरात काही नसले तर कर्ज.

लंडनला गेल्यावर दुसरीच अडचण उभी राहिली. खाशाबांचे सारे शिक्षण मातीत झालेले, आणि तेथे कुस्ती गादीवर. मातीत पाय रोवता येतो, गादीवर तो घसरतो. मातीत पाठ लागली की कुस्ती संपली, तेथे गुणांचा हिशेब, वेळेचे बंधन आणि तीन पंचांचा कौल. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना ही नवी रीत समजावून दिली. इतक्या थोड्या अवधीत शिकलेल्या विद्येच्या बळावर त्यांनी ५२ किलो वजनी गटात ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांना हरविले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांना हार पत्करावी लागली, आणि अखेर त्यांचा सहावा क्रमांक आला. प्रथमच गादीवर उतरलेल्या मल्लाने जगात सहावे यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु खाशाबांनी त्यात समाधान मानले नाही. परत येताच त्यांनी पुढच्या चार वर्षांची तयारी आरंभिली.

१९५२ चे सामने फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे व्हावयाचे होते. या वेळी खाशाबांपुढे जे अडथळे आले ते प्रतिस्पर्धी मल्लांनी नव्हे, आपल्याच माणसांनी उभे केलेले होते. मद्रास येथील निवड स्पर्धेत गुणदानात आपल्यावर अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. दुसरा कोणी असता तर नशिबास बोल लावून स्वस्थ बसला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळाचे जाणकार व त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकली. न्याय मागण्यात कमीपणा नसतो, मात्र तो मिळाल्यावर आपली योग्यता सिद्ध करण्याची तयारी असावी लागते, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

निवड झाली, पण जावयाचे कसे? या वेळी संस्थान विलीन झालेले होते, त्यामुळे राजाश्रयाचा मार्ग उरला नव्हता. सरकारदरबारी केलेल्या विनंतीला वेळेवर पुरेसे यश आले नाही. गोळेश्वरच्या व आसपासच्या गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी जमविली. दुकानोदुकानी हिंडून पैसे गोळा केले गेले. तरी रक्कम पुरी होईना. दिवस तर भराभर जात होते.

अशा वेळी राजाराम महाविद्यालयातील त्यांचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि त्यावर मिळालेले सात हजार रुपये आपल्या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. १९५२ साली सात हजार रुपये म्हणजे काय, हे ज्यांनी त्या काळचे संसार पाहिले त्यांना सांगावयास नको. शिक्षकाने विद्यार्थ्यास पुस्तक द्यावे, फी भरावी, फार तर घरी जेवावयास बोलवावे, इथवर आपण ऐकलेले असते. परंतु पदक मिळेल की नाही याचा काडीमात्र भरवसा नसता, परतफेडीची कोणतीही लेखी हमी नसता, डोक्यावरचे छप्पर गहाण टाकणारा गुरू आम्ही तरी दुसरा ऐकलेला नाही.

येथे आपल्या जिल्ह्याचा या चरित्राशी असलेला धागा सांगणे आवश्यक आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयास बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांचे नाव आहे, आणि आपल्या वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयासही त्यांचेच नाव आहे. आपल्यातील कित्येकांची मुले-मुली त्या महाविद्यालयातून पदवीधर झाली. प्रवेश अर्जावर, गुणपत्रिकेवर ते नाव आपण शेकडो वेळा वाचले असेल. यापुढे ते वाचताना, खाशाबांसाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य ते हेच, याचे स्मरण वाचकांनी ठेवावे, एवढीच विनंती.

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीच्या गादीवर खाशाबा ५७ किलो वजनी गटात उतरले. कॅनडाच्या पोलिक्विनला त्यांनी हरविले. मेक्सिकोच्या बासुर्तोला हरविले. जर्मनीच्या श्मिट्झवरही मात केली. आता समोर राहिले दोघे, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव. दोघेही कसलेले मल्ल. या दोन्ही कुस्त्यांत पंचांचा निर्णय खाशाबांच्या विरुद्ध गेला. असे सांगतात की, एक दीर्घ कुस्ती संपते न संपते तोच त्यांना दुसरीसाठी बोलावणे आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम असूनही तो दाखवून भांडावयास त्या घटकेला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, घामाने निथळत असलेला एकटा मल्ल काय वाद घालणार? ते निमूटपणे पुन्हा गादीवर चढले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले.

स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तत्पूर्वी १९०० साली पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड याने धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळविली होती, परंतु तो काळ परक्या अमलाचा होता. हॉकीत आपला संघ सुवर्णपदके आणीत असे, व हेलसिंकीतही त्याने ते आणले. त्या सोनेरी झळाळीत एका खेडुताचे कांसे काहीसे झाकोळून गेले. कोल्हापूरचेच दुसरे मल्ल केशव मांगवे हेही त्याच सामन्यांत ६२ किलो गटात लढले व त्यांचा चौथा क्रमांक आला. एका पायरीने त्यांचे पदक हुकले, आणि आज त्यांचे नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे. तिसरा आणि चौथा यांत अंतर केवढेसे, पण स्मृतीच्या बाजारात ते केवढे होते, हे पाहून मन विषण्ण होते.

सरकारी स्वागत झाले न झाले, पण कराडच्या मुलखाने आपल्या पुत्राचे स्वागत केले ते अपूर्व. कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाचा रस्ता, त्यास सात तास लागले. ढोल-ताशे, गुलाल, दुतर्फा माणसे. ज्यांनी आठ-आठ आणे वर्गणी दिली असेल, त्यांना त्या दिवशी ते पदक आपल्याच घरात आले असे वाटले असल्यास नवल नाही.

मिरवणुकीचा गुलाल धुऊन खाशाबांनी पहिले काम कोणते केले? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, त्यांतून पैसा उभा केला, आणि आपल्या प्राचार्यांचे गहाण घर सोडविले. आमच्या मते हेलसिंकीच्या कुस्त्यांपेक्षाही हा प्रसंग थोर आहे. पदक मिळविणारे पुढेही झाले व होतील. उपकाराची फेड प्रथम आणि आपला संसार मागाहून, हा क्रम पाळणारे विरळा.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्याच्या स्पर्धा त्यांनी गाजविल्या, तरुण शिपायांना कुस्तीचे धडे दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची उमेद गुडघ्याच्या दुखापतीमुळे संपुष्टात आली. सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी इमानेइतबारे नोकरी केली. बढती मात्र फार उशिरा आली, आणि सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. ज्याने देशाचे निशाण परदेशात फडकविले, त्याने कचेरीच्या बाकावर ताटकळत बसावे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणवत नाही. आम्ही स्वतः निवृत्त आहोत. त्या बाकाचा कठीणपणा आम्हास अनुभवाने ठाऊक आहे, परंतु आमच्यापाशी ऑलिंपिकचे पदक नव्हते, तेव्हा आमची तक्रार नाही.

१९८२ साली दिल्ली येथे एशियाई सामने झाले, तेव्हा मशाल नेणाऱ्यांत खाशाबांना मान मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी देशभर ध्वजवंदन व्हावयाचे होते. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते.

मृत्यूनंतर सन्मानांची रांग लागली. महाराष्ट्र शासनाने शिवछत्रपती पुरस्कार दिला. २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांत दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे ठरविले. हे सर्व योग्यच झाले. परंतु यांतील एकही पुष्प त्यांच्या जिवंतपणी त्यांच्या हाती पडले नाही.

त्यांच्यानंतर वैयक्तिक पदकासाठी भारतास चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले. १९९६ साली अटलांटा येथे टेनिसमध्ये लिएंडर पेस याने ते आणले. कुस्तीतील पुढचे पदक २००८ साली बीजिंगमध्ये सुशीलकुमार याने मिळविले, आणि त्याच सामन्यांत विजेंदर सिंग याने मुष्टियुद्धातील भारताचे पहिले पदक जिंकले. महाराष्ट्राच्या वाट्यास दुसरे वैयक्तिक पदक येण्यास तर बहात्तर वर्षे जावी लागली. २०२४ साली पॅरिस येथे नेमबाज स्वप्नील कुसाळे याने कांस्यपदक मिळविले. तो राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा, म्हणजे आपला फोंडा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या मुलखाचा. घाटाच्या वर जे पिकते ते घाटाच्या खाली का पिकू नये?

या प्रश्नाशी येऊन आम्हास एक खासगी गोष्ट सांगावी लागत आहे. ती सांगण्यासाठीच हे चरित्र निवडले, असे म्हटले तरी चालेल.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही किनाऱ्यावरील एका शाळेत शिकवीत होतो. आमच्या वर्गात मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील एक मुलगा होता. पाण्यात तो माणूस नव्हे, मासाच. विभागीय स्पर्धेत पोहून तो पहिला आला आणि राज्याच्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली. जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च मिळून दोन-अडीचशे रुपयांचा प्रश्न होता. त्याच्या वडिलांची होडी त्या वर्षी दुरुस्तीला काढलेली होती. आम्ही एका संस्थेकडे अर्ज केला. तो नियमानुसार पुढील सभेपुढे ठेवण्यात येईल असे उत्तर आले. सभा भरली, ठराव एकमताने संमत झाला, अभिनंदनही झाले. मात्र तोपर्यंत स्पर्धा होऊन तीन आठवडे लोटले होते.

त्या संस्थेस आम्ही दोष देत नाही. दोष द्यावयाचा तर तो आम्हास द्यावा. ज्या दिवशी तो मुलगा बातमी विचारावयास आमच्या दारी आला, त्या दिवशी पगार झालेला होता. पैसे आमच्या खिशात होते. घरात श्रावणाचे सण होते, किराणा भरावयाचा होता, आणि कोणीतरी मदत करीलच असे आम्ही स्वतःस समजाविले. घर गहाण टाकण्याचा प्रश्न नव्हता, एका महिन्याची थोडी ओढाताण सोसण्याचा होता, आणि तेवढेही आमच्याने झाले नाही.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. बंदरावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे पर्यटकांची होडी नेतो. आम्ही जेटीवर दिसलो की गुरुजी म्हणून हात जोडतो, नातवंडांसह आम्हास किल्ल्यावर नेतो आणि भाड्याचे पैसे घेत नाही. त्याच्या मनात किल्मिष नाही. म्हणूनच त्याच्या होडीत बसताना आमची मान वर होत नाही.

वाचकहो, खाशाबांच्या चरित्रापासून दोन बोध निघतात. पहिला मुलांसाठी, की अंगी गुण असला, मेहनत असली आणि उपकाराची जाण असली, तर खेड्यातले पोर जगाच्या व्यासपीठावर उभे राहू शकते. दुसरा वडीलधाऱ्यांसाठी, आणि तो अधिक कठीण आहे. यशस्वी झालेल्याच्या गळ्यात हार घालणे सर्वांनाच जमते. दरवर्षी आपल्या स्नेहसंमेलनात शाल, श्रीफळ आणि टाळ्या यांस तोटा नसतो. परंतु ज्याचे यश अजून अनिश्चित आहे, त्याच्या हाती वेळेवर पैसे ठेवणे, हीच खरी मदत होय. ढाक लावण्याचा जसा एक क्षण असतो, तसा मदतीचाही एक क्षण असतो, आणि तो सभेच्या तारखेसाठी थांबत नाही.

म्हणून आमची संस्थेच्या कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. खेळ, कला वा परीक्षा यांसाठी परगावी जाणाऱ्या मुलामुलींकरिता एक लहानसा प्रवास निधी स्वतंत्र काढावा. निवडीचे पत्र दाखविताच अध्यक्ष, कार्यवाह व खजिनदार यांपैकी कोणाही दोघांच्या सहीने आठ दिवसांच्या आत रक्कम देता यावी, आणि ठराव मागाहून व्हावा. मूल आपल्या ज्ञातीचे आहे किंवा नाही, हेही फार बारकाईने पाहू नये. खर्डेकरांनी खाशाबांची जात पाहून घर गहाण टाकले नव्हते, त्यांनी आपला विद्यार्थी पाहिला.

या निधीत पहिली भर म्हणून आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम आम्ही खजिनदारांकडे जमा केली आहे. तिची पावती आमच्या नावे न करता, चाळीस वर्षांपूर्वी एका मुलाचे जे येणे राहिले होते त्या खात्यावर करावी, असे आम्ही त्यांस सांगितले आहे. येत्या १५ जानेवारीस, खाशाबांच्या जन्मदिनी, या निधीतून एखाद्या लेकराच्या हाती गाडीभाडे पडावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख येथेच पुरा करतो.